काखेत ताडी, हातात कोंबडा

३ जुलै, सोमवार

आज सकाळपासून बूड एका जागी टेकलेलं नाही. जिल्हा कचेरीतून पत्र आलंय. प्रत्येक गावानं स्वतःची पुस्तिका करायची, पाहुण्यांसाठी आणि पैसे गुंतवणाऱ्यांसाठी. गाव कसं आहे, काय पिकतं, बघण्यासारखं काय, जागा किती उपलब्ध. सहा आठवड्यांची मुदत. गावप्रमुखांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि माझ्यासमोर सरकवलं. "वेन्स, तू सुराबायात सोळा वर्षं होतास. लिही तू."

शेवटी माझ्या सोळा वर्षांचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा. ग्रामसचिव होऊन दोन वर्षं झाली, पण आजवर काय केलं? जन्माचे दाखले, मरणाचे दाखले, आणि मधल्या काळात कोण कुणाशी भांडलं त्याची नोंद. आता बघाच म्हणावं. रस्त्याकडेला चार खोल्यांचं पाहुणेघर झालं तरी आमच्या गोलो तांगोचं नाव होईल. आमची कॉफी थेट विकली जाईल. पोरं बालीला भांडी घासायला जाणार नाहीत.

बहिणीकडे जेवताना हे सगळं बोललो. रेगिना ताडपत्रीवरची कॉफी उलटीपालटी करत होती. म्हणाली, "नारा, आधी बस. उभ्यानं जेवलेलं अंगी लागत नाही." नारा म्हणजे भाऊ, पण विधवा झाल्यापासून ही माझी आई झाली आहे. मी बसलो नाही.

६ जुलै, गुरुवार

रकाना क्रमांक नऊ: रिकामी जमीन किती?

मी लिहिलं, चौदा हेक्टर. वाए तुंगे झऱ्याखालचं गोल शेत. तीन वर्षं तिथे कुणी पेरलेलं नाही, गवत कमरेएवढं वाढलंय. पण एमा तुआला विचारल्याशिवाय जमिनीबद्दल शब्द लिहायची सोय नाही. माझे थोरले काका, आणि गावाची जमीन वाटून देणारे. सुपारी कातरत बसले होते.

"रिकामी?" म्हणाले. "झोपलीय ती. झोपलेल्या माणसाला तू मेलेला म्हणतोस का?"

"फॉर्ममध्ये झोपलेलीचा रकाना नाही, एमा तुआ."

"मग फॉर्मवाल्याला जागं कर."

हसावं की डोकं आपटून घ्यावं! ऑक्टोबरात ते शेत पुन्हा उघडायचं म्हणे. मधल्या खुंटीपाशी म्हातारा बोटं ठेवणार. ज्याला जितकी बोटं, खुंटीपासून फाकत बांधाकडे त्याचं तितकं रुंद शेत. रेगिनाला तीन बोटं मिळायची आहेत. तिचं आत्ताचं शेत पार थकलंय, मक्याची कणसं माझ्या अंगठ्याएवढी येतात. झऱ्याचं पाणी आणि ती तीन बोटं, यावर तिचं पुढचं सगळं.

मला अर्थात एकही बोट नाही. मागच्या वाटणीला मी सुराबायात होतो. हे बोललो तर एमा तुआ वर न बघता म्हणाले, "मागायला आला नाहीस. कोंबडा घेऊन आला असतास तर दिलं असतं."

मला काय करायचंय जमीन घेऊन? माझ्याकडे कॉम्प्युटर आहे. चौदा हेक्टर लिहून टाकलं. ऑक्टोबरपर्यंत रिकामीच आहे ना ती? खोटं काय त्यात?

१२ जुलै, बुधवार

टेकडीवर रेंज मिळते तिथे सकाळी दोन तास उभा होतो, हात वर करून. फोन लागला. सुराबायातले श्री. गुनार्तो शनिवारी येताहेत! डोंगरात पाहुणेघरं काढतात ते. रस्त्याकडेची जागा भाड्यानं, चार खोल्या, एवढंच बोलणं झालंय. पुस्तिकेत टाकायला स्वागताचा झकास फोटो लागणार.

माझ्या डोक्यात फोटो तयार आहे. मागे ढोलघराचं, म्हणजे पूर्वजांचे ढोल ठेवलेल्या गावच्या बैठकीच्या घराचं, निमुळतं छप्पर, पुढे एमा तुआ काळ्या विणलेल्या लुंगीत, आणि पाहुणा हातात पांढरा कोंबडा, काखेत ताडीची सुरई घेऊन येतोय. वा!

एमा तुआ म्हणाले, "उलटं झालं रे. पाहुण्याला आपण कोंबडा द्यायचा असतो. पाहुणा कोंबडा घेऊन आला म्हणजे तो काहीतरी मागायला आला."

"फोटोपुरतं हो. रिकाम्या हातानं येणारा माणूस फोटोत भिकारी दिसतो."

"आणि कोंबडा देताना बोलायचे ते बोल? ते कोण बोलणार? त्याला आपली भाषा येते?"

"मी बोलेन की त्याच्या वतीनं." ते जुने बोल मला फार आवडतात. लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकले होते. पुस्तिकेत छापायलाही छान.

म्हाताऱ्यानं कातरी खाली ठेवली. सुपारी चघळणंही थांबलं. मग म्हणाला, "बरं. पण कोंबडा माझा."

इथे माझं डोकं फिरलं. बोनी गुरुजींचा पांढरा कोंबडा मी आधीच बोलून ठेवलाय. इतका गरीब की शाळेत पोरं त्याला मांडीवर घेऊन पाढे म्हणतात. आणि एमा तुआचा कोंबडा? त्यानं पोस्टमनला फाटकाबाहेर उभं केलंय, पाद्रीबाबांच्या झग्याला भोक पाडलंय. मी हात जोडले. म्हातारा ऐकेल तर शपथ. "माझ्या दारात येणारा कोंबडा मी ठरवणार." हट्टीपणाला औषध नाही.

१५ जुलै, शनिवार

झालं एकदाचं! लिहिताना पेन दोनदा पडलं, एकदा आनंदानं आणि एकदा चोचीनं.

गुनार्तो साहेब दहाला आले. पांढरे बूट, गोड बोलणं, प्रत्येकाला नावानं हाक. अर्धं गाव ढोलघरासमोर गोळा. मी साहेबांच्या हातात कोंबडा दिला, काखेत सुरई दिली, गुरुजींना मोबाइल धरायला लावला. साहेब तीन पावलं चालले असतील. त्या कोंबड्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि अंगठ्याच्या मुळाशी अशी चोच हाणली की साहेबांनी "आई गं!" करून तो सोडलाच. वर शर्टावर शिटला तो. बायका तोंडावर हात दाबून हसताहेत, मला मेल्याहून मेल्यासारखं. मी धावत जाऊन कोंबडा पकडला, पायांनिशी छातीशी धरला. साहेब सुरईही माझ्याच काखेत खुपसून रुमाल शोधायला लागले. आता मागे काय फिरायचं? तसाच एमा तुआसमोर गेलो आणि बोललो, खणखणीत:

"थोरल्या, माझ्या हातात कोंबडा, माझ्या काखेत ताडी. उभा राहून पाय दुखले. मला टेकायला जागा दे."

वडिलांचा आवाज आठवला एकदम. मी छपराकडे बघितलं. ऊन फार होतं.

एमा तुआनं दोन्ही हातांनी कोंबडा घेतला. ती अवदसा त्यांच्या हातात मांजरीसारखी गप! "घेतला," म्हणाले. सगळा वेळ माझ्याकडेच बघत होते. पाहुण्याकडे बघायचं असतं, एवढं भान राहिलं नाही म्हाताऱ्याला. वय झालं.

मग कोंबडा कापून शकुनासाठी आतडं बघितलं. म्हणाले, "चांगलं आहे. टिकेल. जरा चंचल आहे, पण टिकेल." गुनार्तो साहेबांना मी भाषांतर करून सांगितलं. खूश झाले. गुरुजींनी काढलेल्या फोटोंत एकच धड आलाय. त्यात साहेब कडेला रुमालाशी खेळताहेत, पण छप्पर सुंदर आलंय. तोच टाकणार.

२० जुलै, गुरुवार

मजकूर छापखान्याला गेला. बावीस पानं. चार दिवस धड जेवलो नाही. अकराव्या पानावर तो फोटो आणि खाली माझी ओळ: "हातात कोंबडा, काखेत ताडी घेऊन आमच्याकडे जमीन मागतात. थोरल्यांनी कोंबडा स्वीकारला की जमीन दिली गेली असे समजतात." वाचणाऱ्याला कसं भारदस्त वाटेल! रेगिनाला वाचून दाखवली. ती म्हणाली, "नारा, हे असं छापायचं असतं का?" मी म्हटलं, संस्कृती जपायची तर छापावीच लागते.

२ ऑगस्ट, बुधवार

पुस्तिका आल्या. शंभर प्रती! एक प्रत उशाशी घेऊन झोपणार आहे, कुणाला हसायचं तर हसा.

९ ऑगस्ट, बुधवार

देवा.

सकाळी पोरं ओरडत आली. वाए तुंगेपाशी लाल खुंट्या ठोकताहेत म्हणे. धावलो. गुनार्तो साहेब, एक मोजणीदार आणि त्याचं ते तीन पायांचं यंत्र. झऱ्याच्या डोक्यापासून खुंट्या सुरू, शेताच्या मधल्या खुंटीला वळसा घालून पार ओढ्यापर्यंत.

मी म्हटलं, "साहेब, रस्त्याकडेची जागा तिकडे, चार खोल्यांची..."

ते हसले. खांद्यावर हात ठेवला. "वेन्स, चार खोल्यांसाठी मी विमानानं येईन का? तुमच्याच पुस्तिकेत आहे, चौदा हेक्टर, रिकामी. आणि अकरावं पान. मी मागितली, थोरल्यांनी दिली. शंभर प्रतींत छापलंय." मग मोठ्या मायेनं, "तुम्ही व्यवस्थापक व्हायचं. झरा आधी कुंपणात घेऊ, बाकीचं हळूहळू."

झरा कुंपणात. खालच्या सगळ्या शेतांचं पाणी कुंपणात.

"तो कोंबडा फोटोपुरता होता," एवढंच बोलता आलं. मोजणीदारानं खाली मान घालून पुढची खुंटी ठोकली.

१० ऑगस्ट, गुरुवार

रेगिना बोलत नाही. ताट ठेवते आणि जाते. आज मी मुकाट्यानं बसून जेवलो. तिनं बघितलंसुद्धा नाही. तिची लेक विचारत होती, "आई, मग आपली तीन बोटं कुठे गेली?" रेगिना म्हणाली, "मामाला विचार, त्यानं छापलीत." यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

दिवसभर पुस्तिकेची अकरा नंबरची पानं फाडत बसलो. नव्वद प्रती आधीच कचेरीत गेल्यात हे दहा फाडून झाल्यावर आठवलं.

१४ ऑगस्ट, सोमवार

तिसऱ्यांदा एमा तुआकडे गेलो. अक्षरशः पाय धरले. "सांगा ना त्यांना, खोटं होतं म्हणून! नाटक होतं म्हणून!"

"ढोलासमोर उभं राहून बोललास. पूर्वजांना तू नाटक म्हणून सांगितलं होतंस?"

"नाही, पण..."

"मीही नाही सांगितलं. कोंबडा घेतला, खाल्ला. शब्द गेला. खाल्लेला कोंबडा आरवत नाही."

"म्हणजे जमीन गेली?"

"ज्यानं मागितली त्याला दिली," म्हणाले आणि सुपारीचा डबा पुढे केला. "घे. तुझे हात स्थिर नाहीत."

इतका शांत! शेत जातंय, झरा जातोय, आणि हा माणूस सुपारी कातरतोय. म्हातारपणी माणसाला कशाचंच काही वाटेनासं होतं बहुतेक. शनिवारी साहेब कागद घेऊन येणार आहेत. त्यावर एमा तुआचा अंगठा लागला की संपलं. आणि ते लावणार. दिलेला शब्द त्यांनी उभ्या जन्मात मोडलेला नाही.

मी काय केलं हे! शिकलासवरलेला गाढव आहे मी. ज्या गावात मला टेकायला बोटभर जागा नाही, तिथली दुसऱ्यांची चौदा हेक्टर वाटून मोकळा झालो.

१७ ऑगस्ट, गुरुवार

शाळेत स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन. कुणी माझ्या शेजारी उभं राहिलं नाही. गुरुजींचा कोंबडा तेवढा येऊन बुटावर बसला. राजीनामा लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. खिशात आहे.

१९ ऑगस्ट, शनिवार

जमेल तसं सगळं लिहून ठेवतो, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.

ढोलघर खचाखच. गुनार्तो साहेबांनी या वेळी बरोबर वकील आणलेला. वकिलानं कागद वाचला: "पुस्तिकेच्या अकराव्या पानावर नमूद केलेल्या प्रथेनुसार सदर जमीन..." मग विचारलं, "थोरल्यांना प्रथा मान्य आहे?"

"मान्य," एमा तुआ म्हणाले.

"कोंबडा स्वीकारला होता?"

"स्वीकारला."

"म्हणजे जमीन दिली?"

"दिली."

मागे एक बाई रडायला लागली. मला वाटतं रेगिनाच. मी उठून ओरडलो, "चूक माझी आहे! सगळी माझी आहे!" एमा तुआनं नुसता हात केला. खाली बस.

"पुस्तिका बघू," म्हणाले. "चष्मा कुठाय माझा?" चष्मा डोक्यावरच होता. वकिलानं अकरावं पान उघडून दिलं. म्हाताऱ्यानं ते लांब धरलं, जवळ धरलं, मग साहेबांपुढे केलं.

"हे तुम्ही?"

"हो, मीच."

"हातात काय आहे तुमच्या?"

साहेब वाकले. "रुमाल."

"आणि कोंबडा कुणाच्या हातात?"

सगळ्यांनी माना पुढे काढल्या. एमा तुआनं पुस्तिका सगळ्यांना दिसेल अशी फिरवली. शंभर प्रतींत छापलेला तो मी. छातीशी कोंबडा, काखेत ताडी, तोंड उघडं.

"बोल कुणी बोलले? 'माझ्या हातात, माझ्या काखेत, मला जागा दे.' मला म्हणाला. याला द्या असं नाही म्हणाला. सगळ्या गावानं ऐकलं." मग वकिलाकडे वळून, अगदी अदबीनं, "प्रथेनुसार म्हणालात ना? प्रथेनुसार ज्यानं मागितली त्याला दिली. माझ्या भावाचा पोरगा आहे. सोळा वर्षं उशिरा आला, पण आला."

वकील म्हणाला, दुसरा कागद करता येईल. एमा तुआ म्हणाले, "करा की. अंगठा माझाच लागेल. तो सुपारीनं लाल असतो, कागद खराब होईल."

काय हसलं ढोलघर! गुनार्तो साहेबही जरासे हसले, खोटं कशाला बोलू. पुस्तिका बंद करून माझ्या हातात दिली. "वेन्स, फोटो निवडताना माणसानं छप्पर बघू नये," म्हणाले. खुंट्या त्यांनी जाताना उपटून नेल्या नाहीत. संध्याकाळी बायकांनी उपटल्या, चुलीत घातल्या.

दहा दिवस सारा गाव त्या फोटोवरून मला शिव्या घालतोय आणि फोटोतच उत्तर! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. राजीनामा कुठल्या खिशात होता तो सापडत नाही. रेगिनानं ताट वाढलं. म्हणाली, "बस." बसलो.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आज गोल शेत उघडलं. गवत कापून झालंय, मधली खुंटी नवी रोवली. एमा तुआ गुडघ्यावर बसून खुंटीभोवती बोटं ठेवत गेले आणि नावं घेत गेले. रेगिनाला तीन बोटं, झऱ्याच्या बाजूला. मी लांब उभा होतो, यादी लिहायच्या निमित्तानं.

"वेन्स," म्हणाले.

वाकून बघतो तर खुंटीला करंगळी लावलेली.

"करंगळी?" मी म्हटलं. "एमा तुआ, निदान मधलं बोट तरी!"

"सोळा वर्षं सुराबायात होतास. मधलं बोट पुढच्या वाटणीला."

सगळे हसले. मीही हसायला गेलो, पण ते जमलं नाही. यादीवर स्वतःचं नाव लिहिताना अक्षर गिचमीड आलं. खुंटीपाशी करंगळीएवढं, पण बांधापर्यंत चालत गेलो तर बावीस पावलं रुंद भरलं. चार वेळा चाललो. रेगिना ओरडली, "नारा, खड्डा पडेल!"

जिल्हा कचेरीचा फॉर्म पुन्हा आलाय, सुधारित आवृत्तीसाठी. रकाना नऊ: रिकामी जमीन किती? लिहिलं, नाही.

हाताला फोड आलेत, पेन धरवत नाही, पण एक गोष्ट लिहून ठेवायलाच हवी. नशीब बघा माणसाचं. त्या दिवशी मी गुरुजींचा गरीब कोंबडा घेतला असता तर? साहेबांच्या हातात तो मुकाट बसला असता, फोटो माझ्या मनासारखा आला असता आणि आज इथे कुंपण असतं. म्हाताऱ्याच्या हट्टापायी ती अवदसा आली म्हणून वाचलो. निव्वळ योगायोग!

दुपारी जेवायला बसलो तेव्हा एमा तुआला हेच बोलून दाखवलं. म्हटलं, "बघा, तुमच्या हट्टाचा सुद्धा कधी कधी फायदा होतो." म्हातारा इतका हसला की सुपारीचा ठसका लागला. रेगिनानं पाठ थोपटली, आणि तीही हसायला लागली. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं, कुणास ठाऊक. उद्या पहाटे कुदळ घेऊन जायचंय.